एक्केचाळीस पावलं आणि डावा कान

२ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिकेस,

काकाचे आशीर्वाद, आणि आशीर्वादाच्या पाठोपाठ एक काम. नाव ठेवलं म्हणून रुसू नकोस. सहा वर्षांची असताना तुला पंपघर दाखवायला नेलं होतं, तेव्हा दीड तासात तू सदतीस प्रश्न विचारलेस. मी मोजले होते. चौतिसांची उत्तरं जागेवर दिली, उरलेल्या तीन प्रश्नांची पुस्तकांत शोधली. त्यामुळे त्या नावामागे माझाही अभ्यास आहे.

काम असं. मी पंपघरात मेकॅनिक आहे हे तुला ठाऊकच आहे, पण गेली एकोणीस वर्षं नव्या मुलामुलींना मीच तयार करतो. अठ्ठावन्न जण झाले. चालू पंप नुसता ऐकून त्याचं दुखणं ओळखायचं, हा आमच्या अभ्यासक्रमाचा कणा. आता कार्यालयाने परिपत्रक काढलंय. प्रत्येक प्रशिक्षणाचा लेखी आराखडा १५ एप्रिलपर्यंत द्यायचा. आराखडा आखायच्या ज्या मान्यताप्राप्त पद्धती आहेत त्यांची तुलना करायची, एक निवडायची, बाकीच्या का सोडल्या ते लिहायचं. आराखडा पसंत पडला नाही तर प्रशिक्षण बाहेरच्या कंपनीकडे जाणार. ती ते पडद्यावर शिकवणार. म्हणजे पंप ऐकायचा तो खुर्चीत बसून.

मी शिकलो तो हातांनी. शाळा सोडल्याचा दाखला सोडला तर माझ्याकडे कागद नाही. तू मात्र हीच आखणी रीतसर शिकलीस आणि तिच्यावर पोट भरतेस. मला फक्त पद्धतींची नावं आणि दोन दोन ओळी पाठव. बाकी माझं मी बघतो. फोन करू नकोस. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं नाकारता येत नाही.

काकू म्हणते, तुझ्या काकाला मदत मागताना पहिल्यांदाच बघतेय, पत्र जपून ठेव.

तुझा काका

९ फेब्रुवारी

काका,

वाकून नमस्कार. पत्र जपून ठेवलंय, काकूला सांगा.

चार पद्धती देते. पहिली पाच टप्प्यांची, आमच्यात तिला अॅडी म्हणतात. गरज तपासा, आराखडा करा, साहित्य बनवा, शिकवा, शेवटी मोजा. एक टप्पा पुरा झाला की पुढचा. दुसरी सॅम. तिला धीर नाही. लहानसा नमुना पटकन बनवायचा, चार शिकणाऱ्यांवर वापरून बघायचा, जिथे अडेल तिथे दुरुस्त करायचा आणि पुन्हा वापरायचा. तिसरी उलटी. शेवटी माणसाला काय करता आलं पाहिजे ते आधी ठरवा, ते आलं हे कशावरून ओळखणार ते मग ठरवा, धडे सगळ्यात शेवटी. चौथी नऊ पायऱ्यांची. ती एकाच धड्यासाठी आहे. लक्ष वेधण्यापासून सुरू करून, दाखवणं, करून घेणं, चूक सांगणं, असं करत शिकलेलं दुसरीकडे वापरायला लावण्यापर्यंत.

निवड आधी करू नका. सगळे तेच करतात. नाव आवडतं, मग त्यात आपला जुना अभ्यासक्रम कोंबतात. आधी मला एवढं सांगा, तुमच्याकडे येणारे कोण असतात, काय येत असतं, आणि नेमकं काय न आल्यामुळे पंप बिघडतात?

तुमची,
प्रश्नपत्रिका (नाव मान्य आहे, पण आता पगार घेऊन प्रश्न विचारते)

१८ फेब्रुवारी

चि. प्रश्नपत्रिकेस,

दोन ओळी मागितल्या होत्या, तू पान भरलंस. बरं केलंस. वाचनालयातून आणखी तीन पुस्तकं आणून आठवडाभर बसलो. अॅडी आणि सॅम ही एका घरातली दोन भावंडं वाटतात, थोरला हिशेबी आणि धाकटा उतावळा. माझं मत लिहितो, चूक असेल तर खोडून दाखव.

पाच टप्प्यांची पद्धत म्हणजे नवी पाइपलाइन टाकणं. मोजणी, नकाशा, खोदकाम, जोडणी, दाबचाचणी. शिस्त उत्तम. पण माती लोटल्यावर कळलं की सांधा वाकडा आहे, तर पुन्हा खणा. सॅम म्हणजे चालू पंपाची ग्लँड, दांड्याभोवतीची गळती रोखणारं कडं, आवळणं. अर्धा आटा आवळायचा, किती थेंब गळतात बघायचं, पुन्हा अर्धा. असं काम मीही करतो, पण अख्खं पंपघर कोणी अर्ध्या अर्ध्या आट्याने उभारत नाही. उलटी पद्धत म्हणजे नळापासून पंपाकडे चालत येणं. वरच्या मजल्यावरच्या बाईला बादली भरायला किती वेळ लागतो, तिथून सुरुवात. ही मला सगळ्यात आवडली, कारण मला ज्याने हातात पाना दिला तो म्हातारा हेच म्हणायचा, नाव न देता. नऊ पायऱ्या म्हणजे एका पाळीचा तक्ता. चांगला आहे, पण तक्त्याने वर्ष चालत नाही.

तेव्हा निर्णय: सांगाडा पाच टप्प्यांचा, सुरुवात नळापासून, आणि प्रत्येक टप्प्यात ग्लँडसारखं थोडं थोडं आवळणं. कोणाला ही तडजोड वाटली तर वाटू दे. तीन मोटरींचे भाग एका कवचात बसवून मी सात वर्षं पंप चालवलाय.

सोबत 'ऐकणे' या धड्याची पावलं पाठवतो. एक्केचाळीस आहेत. असा तपशील त्या पडद्यावाल्या कंपनीने बापजन्मी पाहिला नसेल.

काका

२६ फेब्रुवारी

काका,

तुलना वाचून मी आमच्या विभागप्रमुख बाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, "हे कोणी लिहिलंय? आपल्याकडे का नाही हा माणूस?" मी म्हटलं, "तो कोणाकडेच नसतो, सगळे त्याच्याकडे असतात." तर आधी शाबासकी घ्या.

आता खोडते. पहिलं, तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. एक्केचाळीस पावलं ही तुम्ही काय करता त्याची यादी आहे. शिकणाऱ्याला काय जड जातं त्याची नाही. दुसरं, पाऊल सतरा. ऐकायच्या सळईची लांबी तुम्ही चारशे दहा मिलिमीटर लिहिलीत, टोक बेअरिंगच्या कवचावर कुठे टेकवायचं तेही लिहिलंत, आणि पुढे नुसतं 'मूठ कानाशी'. कोणता कान? तुमच्यासारख्या माणसाने हे मोघम सोडावं?

तिसरं महत्त्वाचं. प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या असतात. लोकांना आवडलं का, त्यांना आलं का, कामावर गेल्यावर ते तसं करतात का, आणि त्याने काम सुधारलं का. पहिल्या दोन सगळे करतात, कारण त्या वर्गात बसून होतात. तिसरी कोणी करत नाही, कारण त्यासाठी उठून जावं लागतं. मी पुढच्या महिन्यात कामानिमित्त फिरतेच आहे. वाटेवर तीन पंपघरं आहेत. तुमचे जुने शिष्य तिथे असतील तर त्यांना काम करताना बघून येते. असा पुरावा जोडलेला आराखडा समितीने आयुष्यात पाहिला नसेल.

तुमची प्र.

५ मार्च

चि. प्र. स,

अवश्य जा. नऊ जण आहेत, यादी सोबत. मी मुलांना त्या त्या वर्गात मिळालेल्या अवजारांच्या डब्याच्या नंबराने हाक मारतो. तूही तसंच विचार, खूश होतील. कोणाला आधी कळवू नकोस. माझे शिष्य आहेत, कधीही जा.

सतराव्या पावलातलं तू म्हणतेस ते बारीक आहे, बघतो. ज्याला जो कान सोयीचा तो.

बाकी ठीक. कार्यालयाने गळ्यात ओळखपत्र बाहेर दिसेल असं घालायची सक्ती केलीय. दोऱ्या इतक्या कुचकामी की काल अकरा नंबरच्या मुलीची तुटली. नवी मागवली.

काकू विचारते जेवतेस का वेळेवर. मी म्हटलं, तिला विचारायची सवय आहे, सांगायची नाही. काकू म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे ऐकायची आहे."

काका

२४ मार्च

काका,

मी आयुष्यात इतकी मिरवले नव्हते. तुमची पुतणी म्हणून तीन पंपघरांत मला बसायला गाडीतली गादी काढून दिली.

पहिल्या ठिकाणी दारातच थांबले. आत पाच जण काम करत होते, पाठमोरे. त्यातला एक मोटरपाशी वाकला, सळई टेकवली, मान अशी तिरकी केली आणि डोळे मिटले. मी सोबतच्या साहेबांना म्हटलं, "हा माझ्या काकांचा." ते म्हणाले, "कशावरून?" मी जाऊन विचारलं, "डबा नंबर?" तो म्हणाला, "सहा. तुम्ही कोण?" काका, तीच लकब, तुम्ही बसवलेली. माणूस न बघता कारागीर ओळखावा तसं झालं.

नऊच्या नऊ जणांना बघितलं. नोंदी सोबत. पावलं चोख पाळतात. एकाला मी मुद्दाम घाई करून बघितली, तर म्हणाला, "ताई, तुम्ही जा, पंप थांबेल माझ्यासाठी." अगदी तुम्ही.

एक गंमत सापडली. तुमचे जे जुने तिघे आहेत, बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे, ते सळई उजव्या कानाला लावतात. नंतरचे सहाच्या सहा डाव्या. सहा नंबरवाल्याने तिथे चार नवे तयार केलेत, तेही डाव्या. त्याला विचारलं तर म्हणाला, "डावाच लावायचा असतो. सर तसंच करायचे." म्हणजे मध्ये कधीतरी तुम्ही पद्धत सुधारलीत, आणि ती इतकी पक्की बसली की तुमच्या शिष्यांच्या शिष्यांपर्यंत पोचली. ही सुधारणा आराखड्यात ठळक आली पाहिजे. कोणत्या वर्षी केलीत? कशामुळे? डाव्या कानाने काय जास्त कळतं? लगेच कळवा, तक्ता करते.

अभिमानाने फुगलेली,
प्र.

४ एप्रिल

काका,

अकरा दिवस झाले. तुमचं उत्तर कधी नवव्या दिवसापुढे गेलेलं नाही. तब्येत बरी आहे ना? पंधरा तारीख जवळ आली. फोन करणार नाही, पण हात शिवशिवतोय.

प्र.

७ एप्रिल

चि. प्र. स,

तब्येत उत्तम आहे. चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं. फाडायच्या आत काकूने पाकिटावर तुझा पत्ता घालून ठेवलाय.

डाव्या कानाने काही जास्त कळत नाही. मला उजव्याने ऐकू येत नाही, एवढंच.

अकरा वर्षांपूर्वी दाबाचा एक व्हॉल्व्ह माझ्या उजव्या अंगाला फुटला. दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहिली, तिसऱ्या दिवशी शिट्टी थांबली आणि त्या बाजूचं सगळंच थांबलं. नियम असा की यंत्राच्या फेरीवर जाणाऱ्याला दोन्ही कानांनी ऐकू यायला हवं. माझ्याकडे कागद नव्हता, कान होता. इतरांच्या नावापुढे पदव्या होत्या, आणि पंप बिघडला की तेच म्हणायचे, त्याला बोलवा, तो ऐकून सांगेल. तो कान अर्धा झाला असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? कोणाला बोललो नाही. काकूला मात्र त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. तेव्हापासून ती माझ्या डाव्या बाजूला बसते आणि चारचौघांत म्हणते, यांना ऐकायचंच नसतं. अकरा वर्षं तिने ती थट्टा माझ्यासाठी चालू ठेवली.

मी सळई डाव्या कानाला लावू लागलो, मुलांनी पाहिलं, तसंच केलं. मी त्यांना कोणता कान ते कधीच सांगितलं नाही. तू म्हणतेस ना मोघम? मुद्दाम मोघम होतं.

आता पुढचं ऐक. नुसती लकब असती तर मी तुझ्या तक्त्यात काहीतरी थाप मारली असती. पण मोटर आणि पंप जिथे जोडलेत त्या कपलिंगकडच्या, मोटरीच्या बेअरिंगपाशी उभं राहून बघ. उजवा कान लावला तर तोंड मोटरीकडे येतं, आणि गळ्यातलं काही लोंबलंच तर ते मोटरीच्या कवचावर. डावा लावला तर तोंड कपलिंगकडे. तिथे जाळीचं झाकण आहे, पण झाकण आणि बेअरिंग यांच्यामध्ये चार बोटं शाफ्ट, म्हणजे मोटरीचा दांडा, उघडा फिरतो. वाकलेल्या माणसाच्या गळ्यातलं सगळं त्याच्यावर. मी गळ्यात काही घालत नाही, म्हणून मला कधी दिसलं नाही. अकरा नंबरची दोरी कुचकामी नव्हती. शाफ्टने ओढली. मागची कडी सुटली म्हणून निभावलं. दोन दिवस तिच्या मानेवर लाल वळ होता. मी कार्यालयात सांगितलं, दोरी तुटली. तुलाही तेच लिहिलं.

तेव्हापासून या वर्गाचे कान मी बदललेत, कारण न सांगता. पण बाहेर छत्तीस जण डाव्या कानाने उभे आहेत, आणि तुझ्या पत्राने कळलं की ते आणखी माणसं उभी करतायत.

आराखड्याच्या दोन प्रती तयार आहेत. एकीत सतरावं पाऊल 'उजवा कान' असं सुधारलंय आणि बाकी गप्प. दुसरीत सगळं लिहिलंय. दुसरी दिली तर फेरी जाईल, बहुतेक प्रशिक्षणही जाईल. सल्ला मागत नाहीये. तू विचारलंस, म्हणून उत्तर दिलं.

काका

९ एप्रिल

काका,

मी बावळट. पुरावा समोर असताना मी त्याला तुमची सही समजले. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की जे दिसतं त्याचं कारण विचारल्याशिवाय कौतुक करू नये. मी कौतुक आधी केलं कारण काका माझे.

सल्ला देणार नाही असं लिहायला बसले होते. देते. पहिल्या प्रतीने तुमच्या पुढच्या वर्गाचं भलं होईल. छत्तीस जणांचं आणि सहा नंबरच्या चौघांचं होणार नाही. परिपत्रकाने कान बदलत नाही. सहा नंबरवाला म्हणाला ना, सर तसंच करायचे. ते तुमच्या कागदावरून शिकलेच नाहीत, तुमच्यावरून शिकलेत. मोडायचं तर तुम्हालाच मोडावं लागेल, आणि का ते सांगावं लागेल.

चारही पद्धतींत याला घर नाही, मी शोधलं. शिकवणाऱ्याकडून नकळत काय शिकवलं जातं याचा रकाना कोणीच ठेवलेला नाही. तुम्हाला तो काढावा लागेल.

दोन वाजताच्या टपालाने पाठवते. त्या व्हॉल्व्हबद्दल मला आधी कळायला हवं होतं. मी लहानपणापासून तुमच्या उजव्या हाताला धरून चालायचे. मोठी झाले तरी तसंच चालायचे, आणि अलीकडे बोललेलं तुम्ही अर्धं ऐकत नाही म्हणून मी काकूकडे तक्रार करायचे.

तुमची

२१ एप्रिल

चि. प्र. स,

दुसरी प्रत दिली. चौदा तारखेला, मुदतीच्या एक दिवस आधी, दोन शिवणी घालून बांधून.

काल समितीपुढे बोलावलं. तिघे होते. मुख्य अभियंता, कार्मिक विभागाच्या बाई, आणि पलीकडे आपल्या पाळीची वाट बघणारा पडद्यावाल्या कंपनीचा माणूस. त्याच्या आधी माझा नंबर होता. तुलनेची पानं अभियंत्यांनी उभ्यानेच वाचली. नळापासून चालत येण्याच्या ओळीवर त्यांनी पेन्सिलीने खूण केली, हे मी उलट्या बाजूने पाहिलं. मग सतराव्या पावलाशी थांबले. मी त्याच्यासमोर नवा रकाना काढला होता.

"हे काय आहे? 'न शिकवता शिकवलं गेलेलं'?"

"जे मी सांगितलं नाही, पण मुलांनी घेतलं, ते."

"आणि 'प्रशिक्षकाचा दोष' म्हणजे?"

"म्हणजे माझा. पुढे तारीख, कारण आणि छत्तीस जणांचे वर्ग व डब्यांचे नंबर आहेत. अकरा नंबरच्या अपघाताची खरी हकीकत जोडपत्रात आहे."

कार्मिकच्या बाई म्हणाल्या, "हे तुम्ही लिहिलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

मी म्हटलं, "बाई, पंपाला कळत होतं."

पडद्यावाला माणूस म्हणाला, आमच्या पद्धतीत प्रशिक्षकच नसतो, त्यामुळे असा दोष येत नाही. अभियंत्यांनी त्याला विचारलं, "मग तुमच्याकडे सळई धरायला कोण दाखवतं?" तो म्हणाला, चित्रफीत. "चित्रफितीतला माणूस कोणता कान लावतो?" त्याने अजून चित्रफीत बनवलीच नव्हती.

मग अभियंते खिडकीशी गेले, माझ्या उजव्या अंगाला उभे राहिले. थोड्या वेळाने बाई हसल्या. मी विचारलं, "काही म्हणालात का साहेब?" ते म्हणाले, "मी मघापासून बसा म्हणतोय."

निकाल असा. एक तारखेपासून माझी यंत्राची फेरी बंद. अपघात लपवल्याबद्दल लेखी ठपका, माझ्या नोंदवहीत, कायमचा. प्रशिक्षण वर्षभर माझ्याकडे, एका अटीवर: छत्तिसांच्या छत्तिसांना आणि त्यांनी शिकवलेल्या प्रत्येकाला जागेवर जाऊन दुरुस्त करायचं आणि प्रत्येकाची सही आणायची. ही अट समितीची नाही. ती आराखड्याच्या शेवटच्या पानावर मीच घातली होती, त्यांनी तिच्यावर शिक्का मारला. ठपक्याचा कागद मी वाचून बघितला. भाषा बरी आहे, एक तारीख चुकली होती ती दुरुस्त करून घेतली.

काका

३० मे

चि. प्र. स,

तेवीस जण झाले. सहा नंबरकडे सगळ्यात आधी गेलो. त्याच्या चार चेल्यांसमोर त्याला सांगितलं, मी बहिरा आहे उजव्याने, तू नाहीस, कान बदल. त्याने सळई दुसऱ्या कानाला लावून बघितली. मग म्हणाला, "सर, नऊ वर्षं मी माझा चांगला कान घरी ठेवून येत होतो म्हणा की." चौघे हसले, मीही. त्याने सही केली आणि मला गाडीपर्यंत सोडायला आला. वाटेत पूर्ण वेळ माझ्या डाव्या बाजूने चालला.

खरं लिहायचं ते वेगळंच. माझी फेरी आता अकरा नंबरच्या मुलीकडे आहे. परीक्षेत तीच पहिली आली, तिचा एक गुणही मी इकडचा तिकडे केलेला नाही. परवा तीन नंबरच्या पंपापाशी मी मागे उभा होतो, रिकाम्या हातांनी. तिने सळई टेकवली, उजवा कान, गळ्यातली दोरी खिशात. बराच वेळ ऐकलं. मी विचारलं, "काय वाटतं?"

"वाळू चाळल्यासारखं, सर."

हे मीच शिकवलेलं. वाळूचा आवाज म्हणजे बेअरिंग झिजलं. मी म्हटलं, "मग लिही, झीज."

"झीज नाही सर. चाळणारा मधे मधे थांबतोय. चार हात मारतो, थांबतो. पुन्हा चार."

माझ्या वहीत असा आवाज नाही. एकोणीस वर्षांत नाही. मी म्हटलं, "नक्की?" तिने सळई काढून माझ्यापुढे धरली, माझ्या डाव्या बाजूला. मी घेतली नाही. म्हटलं, "फेरी तुझी आहे. खोल म्हणत असशील तर खोलतो."

तिने वरच्या अधिकाऱ्याला विचारून पंप थांबवला. दोन तास लागले. झीज नव्हती. बेअरिंगच्या आतल्या पोलादी गोळ्यांपैकी एकीचा टवका उडालेला होता, डाळीएवढा. आठवडाभर चालला असता तर बेअरिंग जाम झालं असतं आणि अर्ध्या गावाचं पाणी गेलं असतं.

मी ती गोळी रुमालात गुंडाळून समितीच्या अभियंत्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. ते म्हणाले, "तुम्ही ऐकलंत?"

मी म्हटलं, "नाही साहेब. मी शिकवलंय."

तुझा काका